कळकलेलं ताक

"ह्येंच्यातलं पाणीबी कळकलंय," आक्का माझ्या कानाशी पुटपुटल्या आणि पेला माझ्या हातात परत दिला.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी मांडीला मांडी लावून बसलो होतो. त्याच पेल्यातलं पाणी मी आधी प्यायले होते. माठातलं, गार, चांगलं पाणी. पण दिवाळीपासून माझ्या सासूबाईंना सगळंच कळकलेलं लागत होतं. बिनकल्हईच्या पितळेत ताक राहिलं की जिभेला जी हिरवट, ओंगळ चव लागते, ती त्यांना ताकात लागे, आमटीत लागे, कधी नुसत्या पाण्यात लागे. दोष अर्थात माझा. मी भांडी नीट घासत नाही. मी चिंच लावून घासली, राख लावून घासली, कल्हईवाल्याला दारात बसवून पातेली कल्हई करून घेतली, शेवटी घरातलं सगळं पितळ माळ्यावर टाकलं आणि ताकासाठी स्टीलचा डबा आणला. तरी सकाळचा पहिला घोट घेतला की त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी माहेराहून येताना विषाची पुडीच घेऊन आले होते.

समोरच्या खुर्चीत माझे थोरले दीर बसले होते. अधिकराव. घरात लहानथोर सगळे त्यांना दादा म्हणत. सेलमला त्यांचं गलाईचं दुकान. आमच्या विट्याकडची माणसं कुठल्या कुठल्या मुलखात जाऊन हा धंदा करतात. जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं, आणि सराफांच्या दुकानातला केर विकत घेऊन, जाळून, धुऊन त्यातनं सोन्याचे कण काढायचे. दादांच्या मुलीचं, शुभांगीचं लग्न गावाकडे धरलं होतं, म्हणून ते महिनाभर आधीच आले होते. एरवी आक्कांना दातांच्या डॉक्टरकडे मी एसटीनं नेत असे. या वेळी दादा म्हणाले, माझी जीप आहे, मीच घेऊन येतो. मला आधी नवल वाटलं, आणि मग वाटेनासं झालं.

ते बोलताना नेहमी रुमाल तोंडापुढं धरत. मला वाटायचं, तिकडच्या मोठ्या लोकांत राहून लागलेली चांगली सवय असेल.

आक्कांच्या पदराच्या गाठीत दातावरची टोपी होती. डॉक्टर तिला कॅप म्हणत, आक्का टोपी म्हणत. ती सोन्याची होती आणि परवा निघाली होती. शेंगदाण्याच्या लाडवानं निघाली, असं त्यांनी दादांना सांगितलं. मी मात्र आदल्या संध्याकाळी त्यांना परड्यात, भिंतीला आरसा टेकवून, वाकळ शिवायचा जाड दोरा त्या दाताभोवती गुंडाळून ओढताना पाहिलं होतं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. मी जळण घेऊन आत आले आणि त्यांनी ओढणं चालू ठेवलं.

त्या टोपीची गोष्ट सांगायची तर मामंजी गेले तिथपासून सांगायला हवी.

मामंजींचा श्वास घोटाळायला लागला तेव्हा आक्कांनी गळ्यातल्या बोरमाळेचा एक मणी तोडला. तुळशीचं पान, पाणी आणि सोनं तोंडात घालून माणसाला पाठवायचं असतं. त्यांनी स्वतःच्या हातानं तो मणी नवऱ्याच्या जिभेवर ठेवला. पुढं अंघोळ घालायला त्यांना उचलायच्या आधी दादा वाकले, बापाचा चेहरा सारखा केल्यासारखं केलं, आणि दोन बोटं तोंडात घालून मणी काढून घेतला. खिशात टाकला. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी बघितलं. त्या बघताहेत हे मी बघितलं. बायका रडत होत्या, त्यात तेही बुडून गेलं.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, सुपारी फोडताना आक्कांचा सुळ्यामागचा दात मधोमध चिरला. डॉक्टर मगदूम यांनी नस काढली, दात कोरून बारीक केला आणि सांगितलं, आता यावर कॅप घालावी लागेल, नाहीतर उरलेलाही तुटेल. आक्का म्हणाल्या, घाला, पण सोन्याची. मंगळसूत्राच्या दोन वाट्या, मामंजी गेल्यावर गळ्यातनं उतरलेल्या, त्यांनी चोळीच्या खिशात शिवून ठेवल्या होत्या. त्या उसवून दादांच्या हातात दिल्या. तू सोन्यातला माणूस, गाळून गोळी करून डॉक्टरला दे, म्हणाल्या. आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आसं चिकटवा, की मेल्यावरबी कुणाला निघू नये."

डॉक्टर हसले. तरुण माणूस, सांगलीकडचा, त्यांना वाटलं म्हातारी विनोदी आहे. येताना एसटीत आक्कांनी मला खिडकीकडे बघत सांगितलं, की त्यांच्या तोंडात सोनं घालायला त्या कुणाच्या हाताची वाट बघणार नाहीत. आपलं सोनं आपल्या हयातीत, आपल्या डोळ्यांदेखत, दातावर पक्कं बसलेलं असावं. एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी दुसरी कसली इच्छा बोलून दाखवलेली मला आठवत नाही. हुकूम पुष्कळ दिले.

आता सांगून टाकते, ती टोपी पितळेची होती.

मला माझ्या नवऱ्यानं, जालिंदरनं सांगितलं, उसाला पाणी पाजताना, बांधावर बसून, ढेकूळ फोडत. वाट्या जशाच्या तशा शुभांगीच्या मंगळसूत्राला ठेवल्यात. गोळी दिली ती पितळेची. टोपी ओतणाऱ्या माणसानं डॉक्टरांना कळवलं की हे सोनं नाही. डॉक्टरांनी दादांना फोन केला. दादा म्हणाले, असू द्या, घाला, म्हातारीला काय कळतंय, चितेवर सोनं जाळून कुणाचं भलं झालंय. डॉक्टरांनी घातली. माझी थोरली जाऊ जाणत होती, माझा नवरा जाणत होता, मी जाणत होते. आणि सगळी जणं आक्कांना म्हणत होतो, काय शोभतंय सोनं.

न बोलण्याची आमच्या घराला सवयच होती. दादांना बाराव्या वर्षी शाळेतनं काढून सेलमला एका पाहुण्याच्या भट्टीवर धाडलं, ही गोष्टसुद्धा आमच्यात एकाच वाक्यात सांगत. "बहात्तरनं न्हेलं त्याला." म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानं. कुणी विचारलं की आक्का एवढं म्हणायच्या, मामंजी खाली बघायचे, आणि विचारणारा दुष्काळाबद्दल बोलायला लागायचा. त्या वाक्याच्या पुढं कुणी गेलेलं मी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी आत बोलावलं. त्यांची नर्स जत्रेला गावी गेली होती, म्हणून थुंकी ओढायची नळी त्यांनी माझ्या हातात दिली. तुम्हाला आता सवय झालीय म्हणाले. दादांपुढं डोक्यावरचा पदर सांभाळायचा आणि सासूच्या तोंडात नळी धरायची, दोन्ही एका वेळी. दादा दाराशी स्टूलवर बसले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत नव्हते आणि ते डॉक्टरांकडे.

आक्कांनी पदराची गाठ सोडली. डॉक्टरांनी टोपीच्या आतलं जुनं सिमेंट खरवडून काढलं, दात पुसला, टोपी एकदा नुसतीच बसवून बघितली. बरोबर बसत होती. मग गालाच्या आत कापूस लावला आणि काचेच्या तुकड्यावर पांढरी पूड घेऊन त्यात थेंब टाकून चपट्या सुरीनं कालवायला लागले. एकदा कालवलं की थांबत नाही हे, म्हणाले, लगेच बसवायला लागतं.

"जरा माज्या हातात द्या," आक्का म्हणाल्या.

टोपी त्यांनी तळहातावर घेतली. हात वरखाली केला, बाजारात भाजीवाल्याचं माप तपासावं तसा.

"अधिक, हिकडं ये. तुज्या तोंडानं सांग, किती टंचाची हाय ही?"

टंच म्हणजे सोन्याचा कस. त्यांच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. दादा जागेवरनं उठले नाहीत. रुमालाआडून म्हणाले की बावीसची आहे, निव्वळ शुद्ध घातली असती तर मऊ पडली असती, चावताना दबली असती, म्हणून जरा मिसळ घातलीय. छान, सावकाश सांगितलं. हजार गिऱ्हाइकांना सांगितलेलं असतं तसं.

"म्हंजी माज्याच वाट्या ह्या."

"तुझ्याच की."

"दोन्ही?"

"दोन्ही, आक्का. तोंड उघड, डॉक्टर खोळंबलेत."

आक्कांनी तोंड उघडलं नाही. मान वळवून डॉक्टरांना विचारलं, तुम्ही बघितली न्हवं, सोनंच हाय न्हवं. डॉक्टर कालवत राहिले. कॅप चांगली बसलीय, एवढंच म्हणाले. काचेवरचं सिमेंट तोवर खडूसारखं झालं होतं. त्यांनी ते खरवडून टाकलं, काच पुसली, आणि आवाज न चढवता सांगितलं की आक्का, आता गप्पा नकोत. पुन्हा पूड घेतली.

"इमल," आक्का म्हणाल्या. माझं नाव विमल, पण आमच्या बाजूला इमलच म्हणतात. "तुजा नवरा तुज्यापासनं काय लपवत न्हाई. तुला काय म्हणला?"

नळी माझ्या हातात नुसतीच हवा ओढत सुंसूं करत होती. मी म्हटलं, मला सोन्यातलं काही कळत नाही.

"ताकातलंबी न्हाई कळत," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून हे मी रोजच ऐकत होते, पण त्या दिवशी ते बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. दादांकडे बघत होत्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर रोजचा राग नव्हता. पाहुणी चांगली ओळखीची निघाल्यावर बायकांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, तसं काहीतरी होतं.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सिमेंट कालवून टोपी मागितली. आक्कांनी मूठ मिटली.

"आसं कर अधिक. शुभीच्या गळ्याची आण घे, आन म्हण सोनं हाय. मग मी लगीच तोंड उघडते. डागदरास्नी त्रास नको."

शुभांगी त्यांची पहिली नात. त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलेली. ज्या गळ्याची आण घ्यायची, त्याच गळ्यात त्या वाट्या पुढच्या महिन्यात पडायच्या होत्या. दादांनी रुमाल तोंडावर आणखी घट्ट धरला. शुभकार्य तोंडावर आलंय, लेकीला मधी आणू नको, असं काहीतरी ते पुटपुटले.

"बरं, तिची नको. मग बाची घे," आक्का म्हणाल्या. "न्हाईतर त्येचीबी नको. त्येच्या तोंडात तू येकदा हात घातलायस."

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं. डॉक्टरांनी सुरी काचेवर ठेवली. दुसऱ्यांदा कालवलेलं सिमेंट त्या सुरीला धरून वाळत गेलं आणि ते त्यांनी वाळू दिलं.

"पितळ हाय ही," आक्का म्हणाल्या.

आवाज अगदी साधा होता. मीठ संपलंय म्हणावं तसा.

"तुला कस लावून कळतं. मला ताक पिऊन कळलं. बसवून आले त्येच्या दुसऱ्या सकाळी, पयल्या घोटाला. भट्टीवरच्या मानसांनी वजन बघितलं, रंग बघितला, आन म्हातारी रोज ताक पिती ह्ये कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई." मग माझ्याकडे बोट न करता, नुसती भुवई हलवून म्हणाल्या, "हिला मी दिवाळीपासनं भांडी घासाय लावलीत. हिलाबी ठावं हुतं न्हवं. मग घास म्हणलं."

म्हणजे मी चिंचेनं हात सोलवटून घेत होते तेव्हा त्यांना माहीत होतं. कल्हईवाला बसवला तेव्हा त्या ओसरीत बसून, इथं राहिलंय, तिथं राहिलंय, असं त्याला दाखवत होत्या. मला त्या क्षणी राग आला की हसू आलं, मला अजून सांगता येत नाही.

दादांनी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस.

"किती जणं किती दीस सोनं म्हणत्यात, ते बघायचं हुतं. समदी म्हणला. येकजणबी चुकला न्हाई."

डॉक्टर घसा साफ करून म्हणाले की आक्का, माझीही चूक आहे, मी दुसरी करून देतो, साधी पांढरी, हिचं काही… आक्कांनी मूठ उघडून टोपी त्यांच्यापुढं धरली.

"हीच बसवा. चांगलं घट्ट सिमीट घालून. पितळ कुणी काढून न्हेत न्हाई."

डॉक्टरांनी एकदा दादांकडे बघितलं, मग काच पुसली आणि तिसऱ्यांदा पूड घेतली. या वेळी आक्कांनी आपणहून तोंड उघडलं. टोपीत सिमेंट भरून डॉक्टरांनी ती दातावर ठेवली, अंगठ्यानं दाबली, वर कापसाची सुरळी ठेवली. म्हणाले, आता दात आवळून धरा. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर टोपी हलेल आणि तिरकी बसली तर कापूनच काढावी लागेल.

आक्कांनी मान हलवली. वरचा दिवा त्यांच्या तोंडावर होता. त्यांच्या घरात येऊन मला पुष्कळ वर्षं झाली होती, पण जाग्या असताना गप्प असलेल्या आक्का मी पहिल्यांदा बघत होते.

दादांनीही ते बघितलं असावं. ते उठले, स्टूल ओढत खुर्चीपाशी आणलं आणि आक्कांच्या कानाजवळ बसले. रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"आता तुला बोलता येत नाही," ते म्हणाले, "तर ऐक."

त्यांचे पुढचे दात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. दात म्हणायचे ते. वरचे चार झिजून निम्मे झालेले, खालच्या कडा काचेच्या कपच्यांसारख्या पातळ, मधे मधे तपकिरी खड्डे. डॉक्टर सवयीनं वाकले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, हे ॲसिडनं झालंय.

"तेजाब म्हणतात आमच्यात," दादा त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "सोनं त्यात उकळतात. पिवळा धूर निघतो. मोठी माणसं दाराशी बसत, वारा यायचा तिथं. पोराला आत, मोरीजवळ. पोरगं काय, नवं आणता येतं."

मग ते बोलत राहिले. आवाज चढवला नाही. रोजच्या व्यवहारातलं काही सांगावं तसं सांगत होते. मिसरूड फुटायच्या आत दात कसे आंबले. थंड पाणी पिता येत नसे, म्हणून ते उन्हात तांब्या ठेवून पाणी कोमट करून पीत. केर धुताना एक कण राखेत राहिला तर पाहुणा ती राख चाटायला लावी, म्हणजे पुन्हा राहणार नाही. "बापाच्या तोंडातनं काढलं म्हणतेस. काढलं. राखेत सोनं जाऊ द्यायचं नाही, हे मला कुणी शिकवलं, आणि तिथं शिकायला कुणी धाडलं? माझा हात आपोआप गेला, आक्का. ते माझ्या बापाचं तोंड आहे हे मला मणी खिशात पडल्यावर कळलं."

आक्कांचे जबडे आवळलेले होते. डोळे उघडे, वर, दिव्यावर. मी दिवा थोडा बाजूला वळवायला हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरून खाली ठेवलं.

"आणि वाट्या तुझ्या म्हणतेस. मला आठवतंय तुझ्या गळ्यात काय होतं ते. नुसते काळे मणी आणि लाखेच्या वाट्या. सोन्याच्या झाल्या त्या मी भट्टीवर गेल्यावर, माझ्या पगारातनं. पाहुण्यानं स्वतः आणून दिल्या तुला. मी घेतल्या त्या माझ्या मी घेतल्या. माझ्या लेकीला ठेवल्या."

डॉक्टरांनी टोपीची कड बोटानं चाचपून पाहिली. अजून थोडं, म्हणाले. ते दादांना थांबवू शकले असते. मीही थांबवू शकले असते, मी घरची होते. नळी हातात धरून उभी राहिले.

"पळून आलो होतो मी एकदा," दादा म्हणाले. "जालिंदरला ठाऊक नाही, तो लहान होता. तू ह्या सुनांनाही कधी सांगितलं नाहीस. मिरजेपर्यंत रेल्वेनं, तिथनं पुढं कधी चालत, कधी कुणाच्या ट्रकवर. तोंड सुजलं होतं. तू सोप्यात जोंधळं निवडत बसली होतीस. मला बघून उठलीस आणि उंबऱ्यात उभी राहिलीस. आत यायला वाट राहू नये अशी. अंगणात भाकरी दिलीस. म्हटलं, दात दुखतात, चावत नाही. तर म्हणालीस, लवंग धर. जालिंदर आत जेवत होता, मला त्याची ताटली दिसत होती. दूधभात होता. पाहुणा माझ्या मागोमाग आलाच, त्याच दिवशी त्याच्याबरोबर एसटीत बसवलंस. मी खिडकीतनं बघितलं, तू स्टँडवर पोचवायलाही आली नव्हतीस. बापाला धाडलंस."

त्यांनी एक श्वास घेतला. झिजलेल्या दातांना हवा लागली तशी त्यांनी ओठ मिटून कळ सोसली, आणि मग पुन्हा बोलले.

"बहात्तरनं न्हेलं, बहात्तरनं न्हेलं. आयुष्यभर ऐकलं. पहिल्यांदा न्हेलं असेल बहात्तरनं. दुसऱ्यांदा कुणी न्हेलं? मी तुझ्या खांद्यावरनं आत बघितलं होतं, आक्का. मला दिसत होतं." मग अगदी हळू, सुरीनं काचेवरचं सिमेंट खरवडावं तसं म्हणाले, "तू मेलीस तर मी येईन. खांदा देईन. पण तुझ्या तोंडात सोनं पडू देणार नाही. जालिंदरनं घातलं तर मी काढीन. समद्यांसमोर काढीन."

डॉक्टरांनी कापसाची सुरळी काढली. टोकदार सळईनं टोपीच्या कडेनं बाहेर आलेलं सिमेंट टवके टवके करून काढायला लागले, आणि मी नळीनं ते ओढून घेत राहिले. त्या कामाला बराच वेळ लागतो असं मला त्या दिवशी वाटलं. टोपी पक्की बसली होती. दिव्याखाली सोन्यासारखीच दिसत होती. झालं, आता चूळ भरा, डॉक्टर म्हणाले.

आक्कांनी चूळ भरली. पुन्हा भरली. पदरानं तोंड पुसलं. मी मनात तयारी केली होती, की आता शिव्यांचा पट्टा सुटणार. म्हणतील, त्या वर्षी माणसं पाला खात होती, खडी फोडायला जात होती, तुला काय ठाऊक. हे सगळं मला पाठ होतं. आम्हा दोघी सुनांना पाठ होतं. दादांनाही असावं, कारण ते खिशातनं रुमाल काढून पुन्हा तोंडावर धरायला लागले होते.

"रुमाल काढ," आक्का म्हणाल्या.

त्यांनी तो खाली घेतला.

आक्का खुर्चीत उठून बसल्या. पाय खाली सोडले, पण जमिनीला टेकेनात, खुर्ची उंच होती. तशाच, पाय लोंबकळत ठेवून, त्यांनी मुलाच्या तोंडात बघितलं. दारात आलेल्या फेरीवाल्याचा माल बघावा तसं बारीक, एकेक दात. मग म्हणाल्या,

"दुष्काळ न्हवता. सरून दोन पावसाळं झालं हुतं. कणगी काठोकाठ हुती, गाय व्याली हुती. तुला ठिवून घ्यायला कायबी अडचन न्हवती."

दादा काही म्हणणार होते. आक्कांनी हात वर करून थांबवलं.

"तुज्या पैशाची मला चटक लागली हुती. म्हणून माघारी धाडला."